साक्षीदारांचे महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धावर आजवर असंख्य माहितीपट निघाले. त्यांत 'द वर्ल्ड ॲट वॉर' या ब्रिटिश मालिकेचे स्थान आमच्या मते अजूनही अढळ आहे. थेम्स टेलिव्हिजनने केलेली ही २६ भागांची मालिका ऑक्टोबर १९७३ ते मे १९७४ या काळात प्रथम प्रक्षेपित झाली. निर्माते होते जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे आणि संगीत कार्ल डेव्हिस यांचे. अर्धशतक उलटून गेल्यावरही ती जुनी वाटत नाही, याचे कारण तिच्या पद्धतीत आहे.

मालिका सुरू होते ती हिटलरपासून नव्हे, तर ओरादूर-स्युर-ग्लान या फ्रान्समधल्या एका ओसाड गावापासून. १० जून १९४४ रोजी जर्मन एस. एस. सैनिकांनी येथील ६००हून अधिक लोकांना ठार मारले. पुरुषांना कोठारांत नेऊन, बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून. ते गाव भग्नावस्थेत तसेच जतन केले आहे. महायुद्ध म्हणजे नकाशावरचे बाण नव्हेत, हे पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला उमगते.

आयझॅक्स यांनी दोन पथ्ये पाळली. पहिले म्हणजे नटांकडून प्रसंग उभे करायचे नाहीत. त्या काळातील चित्रफिती आणि प्रत्यक्ष साक्षीदार एवढ्यावरच भिस्त ठेवायची. दुसरे म्हणजे साक्षीदार केवळ सेनापतींमधून निवडायचे नाहीत. अल्बर्ट श्पेअर, ॲडमिरल डोनिट्झ, अँथनी ईडन, आर्थर हॅरिस ही बडी मंडळी येथे आहेतच. पण हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे आहे, साधे सैनिक आहेत, छळछावण्यांतून वाचलेले लोक आहेत. वंशसंहारावरील भागात हिमलरचा निकटचा सहकारी कार्ल वोल्फ मिन्स्क येथील सामूहिक हत्याकांड आपण हिमलरसोबत पाहिल्याचे सांगतो. त्याचा शांत स्वर ऐकताना अंगावर काटा येतो. निवेदक त्यावर कसलेही भाष्य करीत नाही, आणि त्याची गरजही भासत नाही.

हे साधले ते मुहूर्त अचूक साधल्यामुळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी युद्धात लढलेली पिढी पन्नाशीच्या आसपास होती. घटनांपासून अंतर पडले होते आणि स्मृती मात्र शाबूत होती. दहा वर्षे आधी अनेकजण बोलले नसते, तीस वर्षांनंतर अनेकजण उरले नसते.

मालिकेला मर्यादा आहेत. ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडले जात होते, ही गोष्ट १९७४ मध्ये पुस्तकरूपाने उघड झाली; त्यामुळे अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धाची कथा या दुव्यावाचून सांगावी लागली. चीनला स्वतंत्र भाग नाही. भारतालाही नाही. ब्रह्मदेशावरचा भाग आहे, इटलीवरचा आहे. परंतु त्यांचा दृष्टिकोन मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकन आहे.

येथे आपल्याकडे एक तक्रार हमखास केली जाते: 'पाश्चात्त्यांनी आपल्याला वगळले.' ती खोटी नाही. २५ लाखांहून अधिक भारतीय त्या युद्धात सैनिक होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. तरीही या तक्रारीशी थांबणे आम्हाला अपुरे वाटते. ब्रिटिश वाहिनीने ब्रिटिश प्रेक्षकांसाठी आपल्या माणसांची साक्ष नोंदवली. आपल्या माणसांची साक्ष नोंदवणे कोणाचे काम होते?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे मालिकेच्या वर्षभर आधी, सुरू झाले. त्या वेळी महाराष्ट्रात काय काय सांगण्याजोगे होते? इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन मरण पत्करणारे यशवंत घाडगे यांच्या मराठा पलटणीतील सहकारी होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' हे कापूस आणि दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटले; ती आग पाहिलेले हजारो मुंबईकर होते. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांच्या शेजारी राहिलेले गावकरी होते. त्या तोडीची मालिका मराठीत झाली नाही.

पैशांची चणचण हे याचे एक कारण असेल. मुख्य कारण मात्र वेगळे आहे. त्या वर्षांची आपली सार्वजनिक स्मृती म्हणजे 'चले जाव'चे आंदोलन आणि आझाद हिंद सेना. गोऱ्या सरकारच्या पलटणीत पगारावर लढलेला माणूस त्या गौरवकथेत बसत नव्हता. त्याला देशद्रोही कोणी म्हटले नाही, पण त्याला काही विचारलेही नाही. तो का भरती झाला, भुकेपायी की घराण्याच्या रिवाजापायी. मोर्चावर असताना गावात सत्याग्रह चालला आहे हे कळल्यावर त्याला काय वाटले, या प्रश्नांची उत्तरे आपल्या स्वातंत्र्येतिहासालाही अधिक खरे करणारी ठरली असती.

आता ते साक्षीदार जवळजवळ सगळे गेले. चकचकीत पुनर्निर्मिती हा त्यावरचा उपाय नव्हे. २०१० मध्ये 'द वर्ल्ड ॲट वॉर' रुंद पडद्यासाठी नव्याने काढताना मूळ चौकटीचा वरखालचा भाग कापला गेला. पुरावा सुंदर करण्याच्या नादात तो कमी कसा होतो, हे त्यावरून समजावे. हाती उरले आहे ते जपावे: घरांतील पत्रे, पदके, छायाचित्रे, निवृत्तिवेतनाचे कागद, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेले, भारतीय सैनिकांच्या पत्रांवरून तयार केलेले सेन्सॉरचे अहवाल, आणि मुलांनी वडिलांकडून ऐकलेल्या हकिकती. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्यापुरते हे काम हाती घेतले, तरी पुष्कळ होईल. ऐकीव हकिकत ही प्रत्यक्ष साक्षीची बरोबरी करू शकत नाही, हे खरे. पण तीही सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.