लेआऊटची कमान आणि बाजारातली गल्ली

पुण्यात कोड लिहून पोट भरणाऱ्या आमच्या मूर्तिजापूरच्या पोरांना गावात पैसे लावायचे म्हटलं की एकच गोष्ट सुचते. हायवेकडचा प्लॉट! मी बाजारातलं जुनं घर बघतोय म्हटल्यावर काका म्हणाले, "काहून बावा? तिथं गाडी तरी लागते काय?"

नाही लागत. बरं मग?

जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. माना आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे अभिमान आहेच. पण रस्ता पाच दिवसांत झाला म्हणून वस्तीही तशीच होईल असं समजायचं का? लेआऊटमध्ये जाऊन बघा. एक कमान, चार खुंट, आणि आत पऱ्हाटी उभी. दलालाला महारेराचा नंबर विचारला, तर "साहेब, नंबर येऊन राहिला ना!" अरे बाबा, ५०० चौरस मीटरवरच्या प्लॉटिंगलाही नोंदणी लागते, आणि हा कायदा मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. अजून येऊनच राहिला?

आणि तिथं राहणार कोण? आपण तर दिवाळीला चार दिवस येणार. राहणार आई-बाबा. बाबांची बीपीची गोळी संपली की मेडिकल गल्लीच्या तोंडाशी हवं. आईनं सकाळी आठपर्यंत दार उघडलं नाही तर समोरच्या किराणावाल्यानं हाक मारायला हवी. ही सोय कुठल्या ब्रोशरमध्ये छापतात?

हे गाव वाढलं ते स्टेशन आणि कापसावर. मुंबई-नागपूर मोठी लाईन, आणि यवतमाळ-अचलपूरची आपली शकुंतला. शकुंतला बंद पडली, पण खाली दुकान वर घर ही रीत गल्लीत अजून टिकून आहे. आता ज्यांना परवडतं तेच लेआऊटकडे निघाले, तर वरचे मजले गोदामं होणार. मग रात्री नऊनंतर तिथं कुत्रंही फिरकणार नाही.

गोंगाट आहे, मान्य. नाल्या तुंबतात, तेही मान्य. (गाडगेबाबांचं बालपण ह्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं म्हणे आपण अभिमानानं सांगतो. झाडू मात्र नगरपालिकेनंच मारायचा!) पण नालीसाठी दहा घरं मिळून नगरपालिकेत भांडता येतं. ओसाड लेआऊटमध्ये भांडायला शेजारी तरी कुठून आणणार?

जुन्या घराची खरी डोकेदुखी कागदांची आहे. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव, वारस चार गावांत, आणि खालच्या दुकानात जुना भाडेकरू, त्याला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण. म्हणून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढायचा आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्यायच्या.

मी बघतोय त्या घराचे पाच वारस आहेत. चौघे तयार, पाचवे सुरतेला असतात आणि फोन उचलत नाहीत. ते सही करेपर्यंत इसार द्यायचा नाही, एवढं काकांनाही पटलंय.