कारागिराच्या घरातून डिझायनर कधी घडणार?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात 'प्राडा' या बड्या कंपनीचा फॅशन शो झाला. मॉडेलच्या पायांत अंगठ्याची चप्पल होती. फोटो इकडे पोहोचले आणि कोल्हापूरकरांनी चप्पल लगेच ओळखली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालेलं आहे. तरीही शोच्या वेळी कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. बराच गदारोळ झाल्यावर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. पुढे कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार २ हजार जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो असेल, अशी बातमी आली.

राग यावा अशीच ही गोष्ट आहे. पण राग ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. चप्पल तीच, कसब तेच. मग एकाला 'कारागीर' म्हणतात आणि दुसऱ्याला 'डिझायनर', असं का? एकाला नगावर मजुरी मिळते आणि दुसऱ्याला नावाचे पैसे मिळतात, हा फरक कुठे पडतो?

हा प्रश्न आपल्या समाजाला सगळ्यात आधी पडायला हवा. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, मुंबईतले जरीकाम आणि भरतकामाचे कारखाने, छत्रपती संभाजीनगरात मोजक्या घरांत उरलेली हिमरू विणकाम... हाताचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण या घरांतून नाव असलेले डिझायनर किती निघाले, हे मोजायला बसलं तर फार बोटं लागत नाहीत.

वाट एकच नसते

डिझायनर म्हणजे कपड्यांची फॅशन करणारा, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात खुर्ची, औषधाचं पाकीट, मोबाईलमधलं अॅप, पुस्तकाचं मुखपृष्ठ, अक्षरांचा फॉन्ट, या सगळ्यामागे डिझायनर असतो. वस्तू वापरणाऱ्याची अडचण ओळखून तिला रूप देणं, हे त्याचं काम.

या कामात शिरलेल्या लोकांच्या वाटा पाहिल्या तर त्या एकसारख्या नाहीत. एम. एफ. हुसेन यांचंच बघा. १९१५ मध्ये पंढरपुरात जन्म. मुंबईत आल्यावर पोटासाठी त्यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. नंतर फर्निचरच्या कंपनीत मुलांची खेळणी आणि फर्निचर डिझाईन केलं. पुढचे मोठे चित्रकार त्या कामातूनच तयार झाले.

दुसरं उदाहरण अबू जानी यांचं. मुंबईत ते वेशभूषाकार झर्क्सिस भाथेना यांच्याकडे काम करत होते. तिथेच १९८६ मध्ये त्यांची संदीप खोसला यांच्याशी ओळख झाली आणि जोडी जमली. लखनौची चिकनकारी आणि जरदोजी त्यांनी फॅशनच्या मोठ्या बाजारात आणून बसवली. 'देवदास' सिनेमाच्या वेशभूषेसाठी मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारात या दोघांचाही वाटा होता. इथे सुरुवात उस्तादाच्या हाताखाली झाली. आपल्या कारखान्यांत उस्ताद-शागिर्दीची हीच रीत आहे. फरक एवढाच, की इथे शागिर्द पुढे स्वतःच्या नावाने उभा राहिला.

कच्छचा धडा

पण व्यक्तींपेक्षाही जास्त शिकवणारं उदाहरण एका गावाचं आहे. कच्छमधल्या धमडका गावातले मुस्लिम खत्री पिढ्यान्‌पिढ्या अजरखची छपाई करतात. लाकडी ठसे, नीळ, मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल असं सगळं काम. मधल्या काळात स्वस्त रासायनिक रंग आले आणि नैसर्गिक रंगांची विद्या मागे पडली. मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी ती पुन्हा धरली आणि मुलांना शिकवली. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याचं पाणी रंगकामाला योग्य राहिलं नाही, तेव्हा अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. त्यांचे पुत्र इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २०२४ मध्ये कच्छच्या अजरखला जीआय मिळाला.

यातली खरी कळीची गोष्ट वेगळीच आहे. २००५ मध्ये कच्छमध्ये 'कला रक्षा विद्यालय' सुरू झालं आणि २०१४ मध्ये त्याच धर्तीवर 'सोमैया कला विद्या'. या शाळा कारागिरांसाठीच. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांची सत्रं, म्हणजे घरचं काम बंद पडत नाही. शिकवणं त्यांना समजेल अशा भाषेत. ठसा कसा मारायचा हे इथे कोणी शिकवत नाही, ते त्यांना येतंच. शिकवतात ते रंगांची जुळणी, गिऱ्हाईक ओळखणं, एका कल्पनेवर पूर्ण संग्रह तयार करणं आणि आपलं काम चारचौघांत मांडणं. इथून निघालेले तरुण व्यापाऱ्याने दिलेल्या नमुन्यावर अवलंबून राहत नाहीत. नमुना त्यांचा, नाव त्यांचं, भावही तेच सांगतात.

कारागीर आणि डिझायनर यांच्यातलं अंतर एवढंच आहे. कसब दोघांकडे असतं. डिझायनरकडे जास्तीच्या तीन गोष्टी असतात: 'असं का केलं' याचं उत्तर, केलेल्या कामाची नोंद आणि कामावर स्वतःचं नाव.

मशीन आल्यावर

आता पालक विचारतील, एआय दोन मिनिटांत चित्र काढून देतं, मग या क्षेत्रात मुलांना कशाला घालायचं? भीती खोटी नाही. साधे लोगो, जाहिरातीची पत्रकं, असली छोटी कामं कमी होणारच.

पण उर्दू वाचणाऱ्यांनी असा बदल एकदा पाहिलेला आहे. उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहायचे. नस्तालीक कॉम्प्युटरवर बसतच नव्हती. १९८१ मध्ये कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २० हजार अक्षरजोड हाताने लिहून 'नूरी नस्तालीक' तयार केली. पुढे दिल्लीत बनलेल्या 'इनपेज' सॉफ्टवेअरमधून ती घरोघरी पोहोचली. कातिबांची रोजी गेली, हे खरं. पण आज स्क्रीनवर दिसणारी उर्दूही एका कातिबाच्याच हातची आहे. त्याने आपली विद्या नव्या साधनात नेली. मराठीत र. कृ. जोशींनी हेच केलं. मूळचे सुलेखनकार असलेल्या जोशींनी 'मंगल' फॉन्ट घडवला आणि तो आपल्या कॉम्प्युटरमध्ये येऊन बसला. मशीन नक्कल लवकर करतं. कशाला रूप द्यायचं आणि कोणासाठी, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

आपण काय करायचं?

वर्गात ज्या मुलीच्या वहीचं शेवटचं पान मेंदीच्या नक्षीने भरलेलं असतं, तिला आपण रागावतो. घरी अब्बा विचारतात, चित्रं काढून पोट भरतं का? काळजीपोटीच विचारतात. पण बहुतेक वेळा त्यामागे माहितीचा अभाव असतो.

म्हणून थोडी माहिती. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. मुंबईच्या जे. जे. बरोबरच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालयं आहेत आणि तिथली फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. आयआयटी मुंबईच्या डिझाईन पदवीसाठी 'यूसीड' परीक्षा असते. तिथे बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सची मुलंही बसू शकतात. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी. आणि निफ्टमध्ये, जिचं एक केंद्र खारघरला आहे, कारागीर आणि कारागिरांच्या मुलांसाठी प्रवेशाचा स्वतंत्र मार्ग आहे. त्यासाठी सरकारी कारागीर ओळखपत्र लागतं. आपल्या किती कारखान्यांत हे कार्ड काढलेलं आहे? ते नसेल तर मुलाच्या हातात कला असूनही हा दरवाजा बंदच राहतो.

खर्चाचं लपवून चालणार नाही. एनआयडी, निफ्टमध्ये चार वर्षांचा खर्च लाखांत जातो. शिष्यवृत्त्यांचे अर्ज वेळेवर भरायला मदत करणं, हे काम आपल्या अंजुमन आणि ट्रस्टनी उचलायला हवं. डॉक्टरकी, इंजिनीअरिंगसाठी जशी मार्गदर्शन शिबिरं भरतात, तसं एखादं डिझाईनसाठी भरवायला काय हरकत आहे?

आणि एक काम बिनखर्चाचं आहे. मुलांनी काढलेलं, भरलेलं, शिवलेलं काही फेकू नका. तारीख घालून एका फाईलीत ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि खाली मुलाचं नाव लिहा. डिझाईनच्या जगात याला पोर्टफोलिओ म्हणतात. प्रवेशाच्या मुलाखतीत सगळ्यात आधी तोच मागतात.