शेड आहे, लॉट नाही

मॅचिंग सेंटरचा मृत्युलेख लिहिण्याची घाई काही लोकांना फार झाली आहे. त्यांतल्याच एका गृहस्थांनी मध्यंतरी वाशीत एका हस्तकला प्रदर्शनाचं उद्घाटन केलं आणि समोर सुया-क्रोशे घेऊन बसलेल्या बायकांना सांगितलं की, तुमचं ते कोपऱ्यावरचं लोकरीचं दुकान आता गेल्यात जमा आहे, आणि गेलं तर फार रडू नका.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मोठ्या साखळी दुकानात शंभर रंग एका भिंतीवर मांडलेले असतात. भाव छापलेले असतात. कोणी वसकन अंगावर येत नाही, दुपारी शटर खाली नसतं, नाही आवडलं तर माल परत घेतात. अमेरिकेत हे केव्हाच झालं. त्यात नवी मुंबई हे नियोजित शहर. इथे जुन्या पेठा नाहीत, बोळ नाहीत, मग बोळातल्या दुकानाचं प्रेम कशाला? ग्राहक ज्याला पैसे देतो तो जगतो, बाकी सगळं गहिवरणं. मी हे जरा आवळून सांगितलं आहे, पण अन्याय फारसा केलेला नाही. भाषणात याहून जास्त होते ते फक्त आलेख.

गृहस्थांनी आयुष्यात सुईवर एक टाका घातलेला नसावा. ही वैयक्तिक टीका नाही, निदानाचा भाग आहे.

नियोजित शहराचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो सर्वांत सोपा आहे. खाडीपलीकडच्या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ मासिकातून मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नोड, सेक्टर असं शहर आखलं गेलं. त्या आखणीतच सेक्टराला चालत जाण्याच्या अंतरावर लहान दुकानांची रांग दिलेली आहे. म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान इथे चुकून उगवलेलं नाही, ते नकाशावर पेन्सिलीने काढलेलं आहे. मॉल नंतर आले. नियोजनाचा एवढा पुळका असेल तर गृहस्थांनी नकाशा एकदा उघडून पाहावा.

आता लोकरीकडे येऊ. नवी मुंबईत फक्त लोकर विकणारं दुकान शोधायला निघालात तर फारसं हाती लागणार नाही. लोकर मिळते मॅचिंग सेंटरात, नाहीतर कटलरीच्या दुकानात. समोर ब्लाउजपिसं, अस्तर, फॉल, लेस, बटणं, चेन. आणि मागच्या वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत, लुधियानाहून आलेली लोकर. बहुतेक सगळी ॲक्रिलिक. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या दमट हवेत तिला कसर लागत नाही, धुवायला सोपी, आणि नेरुळ-खारघरच्या थंडीला तेवढी पुरते. आपल्याकडे स्वेटर थंडीसाठी कमी आणि नातवंडासाठी जास्त विणला जातो, हेही एकदा कबूल करून टाकू.

तर असा स्वेटर विणायला घेतला की तो महिना-दोन महिने चालतो. मध्ये पाहुणे येतात, परीक्षा येतात, गणपती येतात. आणि एकूण लोकर किती लागेल हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल; नमुन्यात वेण्या असल्या की लोकर जास्त खाल्ली जाते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला पाचशे ग्रॅम पुरतील की सहाशे लागतील, हे पाठ आणि पुढचा भाग झाल्यावर कळतं. लोकर संपते ती दुसऱ्या बाहीला. पहिल्या बाहीला ती कधीही संपत नाही. हा निसर्गनियम आहे.

मग तीच लोकर पुन्हा हवी असते. तीच म्हणजे अगदी तीच. गिरणीत लोकर एका वेळी ठरावीक वजनाची रंगते. रंगाचं माप, पाण्याची जात, तापमान, वेळ यांत तसूभर फरक पडला की पुढच्या घाण्याचा रंग केसभर हलतो. म्हणून लेबलावर दोन आकडे असतात, एक शेडचा आणि एक लॉटचा. वेगळ्या लॉटचे दोन गुंडे हातात शेजारी धरले तर भल्याभल्यांना फरक कळत नाही. विणल्यावर मात्र बाहीवर एक रेघ उमटते, जणू तिथून पुढे स्वेटर दुसऱ्याच कोणाचा आहे. घरातल्या पुरुषांना ती रेघ दिसत नाही. विणणारीला दुसरं काही दिसत नाही.

गृहस्थांच्या शंभर रंगांच्या भिंतीसमोर हा प्रश्न घेऊन उभं राहावं. मी उभी राहिले आहे. टी-शर्टवर दुकानाचं नाव मिरवणारा एक गोड मुलगा धावत येतो, हातातल्या पडद्यावर बोट फिरवतो आणि सांगतो, “मॅम, स्टॉक आहे, अकरा पीस.” लॉट कोणता? “सेम शेड आहे, मॅम.” हो रे बाळा, पण लॉट? तो पुन्हा पडद्यात बघतो. त्याची काही चूक नाही. बारकोडला शेड कळते, लॉट बहुधा कळत नाही. ते अकरा गुंडे चार वेगवेगळ्या घाण्यांतले असू शकतात आणि यंत्राच्या लेखी ते अकरा सारखेच असतात. मुलाला उद्या तिथून उचलून मेणबत्त्यांच्या विभागात ठेवणार आहेत. त्याने लॉट शिकायचा कशासाठी?

उलट सेक्टरमधला मॅचिंगवाला. गृहस्थ म्हणतात तसा तो तुसडा असतो, मान्य. गुंडा मागितला तर आधी “कशासाठी?” असं विचारतो, जणू त्याच्याकडे लोकर नाही, बंदूक मागितली. पण त्या प्रश्नातच सगळा व्यापार आहे. किती वर्षांच्या मुलाचा, बाह्या पूर्ण की अर्ध्या, एवढं ऐकून तो गुंडे काढतो, लेबलं उलटून बघतो आणि एखादा बाजूला सारतो. “ताई, हा नको, लॉट वेगळा आहे.” आणि महिन्याभराने दुसऱ्या बाहीशी अडून गेलात की फळीमागून पिशवी काढतो. “दोन ठेवलेत त्यातलेच. वाटलंच होतं लागतील म्हणून.” वापरले नाहीत तर न फोडलेले गुंडे परतही घेतो, बिल न मागता, कपाळाला एक आठी घालून. मोठ्या दुकानाचं परतीचं धोरण छापील असतं आणि दिवस मोजून दिलेले असतात. त्या दिवसांत गळासुद्धा होत नाही.

तो हे दयाळूपणे करतो असा माझा दावा नाही. तो पक्का व्यापारी आहे. दुसरी बाही अडली की बाई पुढच्या वर्षी स्वेटर घालायलाच घेत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. मोठ्या दुकानाला हे ठाऊक असूनही करता येत नाही, कारण मॉलमध्ये भिंतीच्या वितीवितीला भाडं आहे. कोणा ताईंच्या नावाने बाजूला ठेवलेले दोन गुंडे हा तिथल्या हिशेबात पडून राहिलेला माल. तो सेलमध्ये काढून रिकामा करण्याबद्दल व्यवस्थापकाची पाठ थोपटली जाते. लोकरीच्या दुकानात खरेदी होते ती अर्ध्यावर असलेल्या कामाची. ज्या दुकानाला काम अर्ध्यावर असतं हेच माहीत नाही, त्याच्या शंभर रंगांचं काय लोणचं घालायचं?

आणि लॉट खरंच संपला असेल तर? तर मॅचिंगवाला सांगतो की दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं काही बोटं विणत जा, रेघ विरून जाते. हे त्याला त्याच्या बायकोने शिकवलेलं असतं.

सुयांचंही तसंच. आपल्या बायका ‘अंगाला दहा नंबर, काठाला बारा’ म्हणतात तो जुना ब्रिटिश हिशेब आहे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते आणि दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकी हिशेब उलटा. तिथली दहा नंबरची सुई सहा मिलिमीटर जाड. पाकिटावर फक्त ‘१०’ वाचून घेतलीत तर बाळाच्या टोपड्याऐवजी मासे धरायचं जाळं तयार होईल. एका मोठ्या दुकानात दोन्ही प्रकारची पाकिटं एकाच खुंटीवर टांगलेली मी पाहिली आहेत.

उरलेले मुद्दे. छापील भाव: गुंड्याच्या लेबलावर तो इथेही छापलेला असतो. एसी: छान आहे. हसतमुख सेवा: वर तिची चव घेतली.

अमेरिकेचं मात्र बरं आठवलं. ‘जोॲन’ हे तिकडचं कापड आणि लोकरीचं प्रचंड साखळी दुकान, १९४३ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँडला सुरू झालेलं. वाढत वाढत ४९ राज्यांत सुमारे ८०० दुकानं झाली. मार्च २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यातून वर आली, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा केला, आणि मे २०२५ संपता संपता शेवटचं दुकानही बंद झालं. कर्जाचं ओझं, पुरवठादारांकडून अपुरा येणारा माल, मंदावलेली विक्री अशी कारणं सांगितली गेली. एकट्याचं दुकान बुडालं तर एका सेक्टरची गैरसोय होते. साखळी बुडते तेव्हा ज्या गावात दुसरं दुकान उरलेलंच नसतं तिथल्या बाईने काय करायचं, याचा आलेख गृहस्थांकडे नव्हता. त्यांची अमेरिका या घटनेच्या अलीकडेच संपत होती.

हे वाद नवे नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला दार उघडलं, तेव्हाही एका बाजूने वाणी संपणार म्हणून छाती पिटली गेली आणि दुसऱ्या बाजूने शेतकऱ्याचं सोनं होणार म्हणून नगारे वाजले. वाणी अजून आहे, घरपोच देतो, वर यूपीआय घेतो. शेतकऱ्याचं सोनं अजून वाटेवर आहे. त्या वेळी आमच्या सोसायटीत दोन्ही पक्षांचे लोक होते. मी तेव्हाही कोणाचं नाव घेतलं नव्हतं, आता तर ते सगळे फार ज्येष्ठ झाले आहेत.

त्याहून जुना वाद म्हणजे विणकाम हीच गुलामी, हा. आमच्या तरुणपणी काही विदुषी सांगत की सुया म्हणजे बायकांना कोपऱ्यात गुंतवून ठेवण्याची युक्ती आहे. त्यांच्या घरच्या सभा लांबत आणि आम्ही तिथे बसून विणत असू. सभेत ठराव व्हायचे, आमचे मोजे व्हायचे. पुढे त्यांच्याच नाती मोबाइलवर बघून क्रोशाची बाहुली करायला शिकल्या आणि ‘हे मन शांत करतं’ असं आजीला सांगू लागल्या. चेन्नईतून सुरू झालेल्या बायकांच्या एका गटाने २०१६ साली क्रोशाची जगातली सर्वांत मोठी गोधडी करून गिनेसमध्ये नोंदवली, अकरा हजार चौरस मीटरांहून मोठी. तेव्हा ही कला मरते आहे म्हणून दुकान मरतं आहे, हा युक्तिवाद गृहस्थांनी भाषणात केला नाही ते शहाणपण केलं. पण मी तयारी करून गेले होते, ती वाया का घालवू?

आता मंडन. ते फार मोठं नाही. लहान दुकान टिकावं असं मला वाटतं, कारण अर्धं काम त्याला समजतं. आणि ते टिकवणं अर्धं आपल्याच हातात आहे. गुंड्याचा फोटो काढून घरी येऊन मोबाइलवरून मागवायचा आणि बाही अडली की मॅचिंगवाल्याकडे लॉट शोधायला जायचं, हा धंदा आपण बायकांनी बंद करावा. सगळी लोकर एकदम घ्यावी, दोन गुंडे बाजूला ठेवायला सांगावं, वाटल्यास त्यांचे पैसे आगाऊ द्यावेत.

दुकानदारांनाही सांगणं आहे. शेडकार्ड फडताळातून बाहेर काढा. बाहुल्या करणाऱ्या मुलींना सुती आणि मखमली दोरा हवा असतो, तो ठेवा, आणि त्यांनी मागितला की “वो सब नहीं आता” म्हणून उडवून लावू नका. उद्याच्या दुसऱ्या बाह्या त्यांच्याच आहेत. कोणाला कोणता लॉट दिला ते वहीत लिहा, कारण आत्ता ते फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि तुमचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. दुपारी दीड ते साडेचार शटर खाली, ही गृहस्थांची एकमेव खरी तक्रार आहे. नोकरी करणारीला शनिवारी तेवढीच वेळ मिळते. रंग उजेडात बघायला तुम्ही गुंडा फुटपाथवर नेऊ देता हे उत्तम, मॉलमध्ये तो दारापाशी नेला तरी भोंगा वाजतो. पण आत काउंटरवरची ती पिवळी पडलेली ट्यूबलाइट आता बदला.