त्यांची चर्चा, आमच्या चकाट्या

चार पुरुष जमून बोलले की ती चर्चा. चार बायका जमून बोलल्या की चकाट्या, चुगल्या, रिकामपणाचे उद्योग. नागपुरातल्या कोणत्याही चौकातला पानठेला बघा. जामठ्याच्या सामन्यात कोण कसा खेळला, कोणत्या फोनचा कॅमेरा चांगला, जिममध्ये कोण किती वजन उचलतो, कोणत्या सावजीकडची तर्री अस्सल, यावर तासन् तास बोलणं चालतं. 'घरी कामं नाहीत का?' असं त्यांना कुणी विचारत नाही. तो प्रश्न बाईसाठी राखून ठेवलेला आहे.

मी वस्त्यांमध्ये बायकांचे गट चालवते. या सगळ्या विषयांवर आमच्या बायकांनाही भरभरून बोलायचं असतं. पण त्यांना वेळ नाही, बसायला जागा नाही, आणि त्यांच्या बोलण्याला प्रतिष्ठा तर नाहीच.

वेळेचा हिशेब सरकारनेच मांडला आहे. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची बिनपगारी घरकामाची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. पानठेल्यावरचा निवांत तास आकाशातून पडत नाही. तो घरातल्या बाईच्या दिवसातून काढलेला असतो.

तंदुरुस्तीचं बघा. बाई सकाळी फिरायला निघाली की घरातून विचारणा होते, "काहून? काय झालं तुले?" शुगर निघाली, गुडघे धरले, डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलं, की मग परवानगी मिळते. आपल्या शरीराचा आनंद घ्यायलाही बाईला आधी आजारी पडावं लागतं.

फोनचं बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे होता. ज्यांच्याकडे असतो त्यातल्या कितीतरी जणींना घरातल्या पुरुषाने टाकलेला, काच तडकलेला फोन मिळतो. वर कुणाशी बोललीस, किती वेळ बोललीस, हा जाब आहेच.

खाण्याचं तर विचारूच नका. मसाला वाटून, रस्सा उकळून घरादाराला वाढणारी नुसती स्वयंपाक करते. ताटावर बसून मीठ कमी म्हणणारा खवय्या ठरतो.

आणि खेळ? आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. मग साऱ्या गावाची ती 'आपली पोरगी' झाली. पण त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधली स्पर्धा संपल्यावर अठरा वर्षांच्या याच मुलीला जाहीरपणे लिहावं लागलं होतं, की बघणारे माझ्या चालींवर बोलत नाहीत. माझे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यावरच बोलतात. खेळावरची 'चर्चा' ती हीच. बाई पटावर बसली तरी चर्चा तिच्या केसांची!

यावर आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, मारहाण आहे, हुंडा आहे, नळाला पाणी नाही, आणि गप्पा कसल्या घेऊन बसलात? मैत्रिणींनो, मार खाणारी बाई पहिल्यांदा तोंड उघडते ती अर्ज भरताना क्वचितच. ती शेजारणीजवळ, भाजी निवडता निवडता, भलत्याच विषयावर बोलताना उघडते. पण गप्पांची बाजू एवढ्यासाठीच घ्यायची नाही. पानठेल्यावरच्या पुरुषाला त्याच्या गप्पांचा उपयोग सिद्ध करावा लागत नाही. मग बाईला का लागावा? बचत, लसीकरण, समुपदेशन असं काहीतरी कारण दाखवल्याशिवाय बाईने दुसरीजवळ बसायचंच नाही, ही अट आपल्या संघटनांनी तरी का पाळावी?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक गटाच्या बैठकीत एक तास बिनविषयाचा ठेवा. त्याचा अहवाल लिहू नका, त्यातून निष्कर्ष काढू नका. त्या तासात सामना, फोन, पोहे, पायात आलेली ताकद, काहीही बोला. त्या वेळी घरच्या पोळ्या कोण करणार, हा प्रश्न घरातच टाकून या. चौकात, बागेत बाकं आणि बायकांसाठी स्वच्छ संडास मागा. आणि कुणी विचारलं, 'काय चाललंय इथे?' तर ताठ मानेने सांगा, 'चर्चा!'