गिटारीविरुद्धचा मोर्चा

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बैठकीत एका मुलाचे नाव कार्यक्रमाच्या यादीतून खोडण्यात आले. त्याचा अपराध एवढाच की तो तुकोबांचा अभंग गिटारीवर म्हणणार होता. "आज अभंगाला गिटार, उद्या आरतीला बँड!" असे एक वडीलधारे गुरुजी म्हणाले आणि सारे हसले. मीही हसलो. हा लेख त्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे असे वाचकांनी खुशाल समजावे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संगीतप्रेमी स्नेह्याच्या घरी जिल्बेर्तो जिल या ब्राझिली गायकाच्या तबकड्या ऐकण्याचा योग आला. चार-पाच तबकड्या झाल्यावर स्नेह्याने निकाल दिला : "गळा छान, हात छान, पण माणसाला घराणे नाही. आज साम्बा, उद्या रॉक, परवा जमैकाचा रेगे. वारा येईल तशी पाठ!" आमच्याकडे हा आरोप फार जुना आहे आणि तो करणाऱ्याला विद्वान समजण्याची चालही तितकीच जुनी आहे. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही, संगीताचा पंडित तर नाहीच नाही. तरीही हा निकाल मला साफ नामंजूर आहे.

हा माणूस १९४२ साली बाहिया प्रांतातील साल्वादोर शहरी जन्मला. वडील डॉक्टर, आई शिक्षिका. बालपण इतुआसू नावाच्या आडगावात गेले. तिथे त्याच्या कानी पडले लुईझ गोन्झागाचे बायांव, म्हणजे ईशान्य ब्राझीलच्या रखरखीत मुलखातले नाचाचे गाणे. आणि ते ऐकून पोराने अकॉर्डियन धरला. पुढे जुआंव जिल्बेर्तोची हलक्या आवाजातली बोसा नोव्हा ऐकली आणि हाती गिटार आली. आता परकेपणाचीच कसोटी लावायची तर अकॉर्डियन युरोपचा, गिटार पोर्तुगिजांची आणि साम्ब्याचा ठेका गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचा. शुद्ध म्हणून मागे काय उरते, ते शुद्धतावाद्यांनी एकदा पाटीवर लिहून दाखवावे.

गंमत पुढेच आहे. १७ जुलै १९६७ रोजी साव पावलो शहरात चक्क विजेच्या गिटारीविरुद्ध मोर्चा निघाला. राष्ट्रीय संगीत वाचवा, ही हाक. एलिस रेजिना ही थोर गायिका अग्रभागी होती, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्यांत खुद्द जिल होता! त्याचा मित्र काएतानो वेलोझो मात्र गेला नाही. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात, दूरदर्शनवरच्या गीतमहोत्सवात जिल उभा राहिला तो 'ओस मुतांतेस' या तरुण मंडळींच्या विजेच्या गिटारी सोबत घेऊन. शेजारी बेरिंबाऊ, म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेले आफ्रिकी वाद्य. मागे रोजेरियो दुप्राने बांधलेला वाद्यवृंद. गाणे होते रविवारच्या बागेतले : दोन मित्र, एक मुलगी आणि शेवटी रक्त. दुसरे बक्षीस मिळाले. माझे स्नेही याला कोलांटउडी म्हणतील. मी म्हणतो, आपली चूक तीन महिन्यांत हजारो लोकांसमोर दुरुस्त करणारा माणूस मला एकाही शाळेच्या समितीत भेटलेला नाही.

वारा पाहून पाठ फिरवणाऱ्याला तुरुंग घडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. १९६४ पासून तिथे लष्कराचे राज्य होते. १९६८ च्या डिसेंबरात जिल आणि काएतानो दोघांना पकडले आणि पुढे देशाबाहेर घालवले. लंडनमध्ये राहून तो १९७२ साली परतला. विलायतेहून आलेला गवई पहिले काय ऐकवील? त्या वर्षीच्या 'एक्सप्रेसो २२२२' या तबकडीची सुरुवात त्याच्या आवाजाने होतच नाही. आधी वाजतात कारुआरू गावच्या वाजंत्र्यांच्या बासऱ्या आणि ढोल. त्याच तबकडीत परदेशातला विरह मात्र रॉकच्या ठेक्यात आहे. घरचे ते परक्याच्या शेजारी बसवले, कोणाचेही पान न उचलता.

पुढच्या तीन तबकड्यांची नावे भाषाशिक्षक म्हणून मला फार आवडली. १९७५ ची 'रेफाझेंदा' : फाझेंदा म्हणजे शेतवाडी, 're' हा उपसर्ग पुन्हा या अर्थी. तिच्यात दोमिंगिन्यॉसचा अकॉर्डियन आहे, म्हणजे बालपण परत आले. १९७७ ची 'रेफावेला' : फावेला म्हणजे झोपडपट्टी, नायजेरियात लागोस येथे आफ्रिकी कलांच्या महोत्सवाला जाऊन आल्यावरची ही तबकडी. तिसरी १९७९ ची 'रेआल्से', डिस्कोच्या झगमगाटाची. ही मला अर्धीच पचते. चकाकी फार, आणि पुढच्या दशकातल्या काही तबकड्यांवर तीच यांत्रिक वार्निश चढलेली आहे. स्नेह्याला एवढे देऊन टाकतो. पण बॉब मार्लीचे गाणे पोर्तुगीजमध्ये तिथेच आले, आणि ते ऐकताना ते भाषांतर आहे याची आठवण राहत नाही.

घराणे नाही म्हणता? २००० साली एका चित्रपटासाठी त्याने गोन्झागाची गाणी गायली. २००२ साली किंग्स्टनला जाऊन मार्लीची गाणी मुद्रित केली. २०१४ साली जुआंव जिल्बेर्तोच्या भांडारातले साम्बे गायले. ज्याच्याकडून जे घेतले ते त्याच्या नावाने परत केले. गुरुऋण फेडण्याची ही रीत आमच्या घराण्यांत तरी किती ठिकाणी उरली आहे? मधल्या काळात, २००३ ते २००८, तो आपल्या देशाचा संस्कृतिमंत्रीही होता. पण मंत्रिपदाचे कौतुक मला बेताचेच.

आमच्या बाजूची एक आठवण देतो. गोविंदराव टेंब्यांच्या हातून मराठी कानाला गोड झालेली पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या नभोवाणीवर वर्ज्य होती. कारण? परकी! आज पेटीवाचून भजन कोण करतो?

हाच प्रश्न मी वडीलधाऱ्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, "पेटीची गोष्ट निराळी." का निराळी, ते मात्र सांगितले नाही.

दिवाळीनंतर पुन्हा बैठक आहे. यंदा त्या मुलाचे नाव यादीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि त्याला बोलावून सांगितले. पोरगे ओशाळे झाले. म्हणाले, "सर, गिटार मी विकली. आता पेटी शिकतोय."