उर्वरित म्हणजे किती?

‘आपल्या मुलांना गणित जमत नाही’ हे वाक्य पालकांकडून आणि शिक्षकांकडूनही मी वर्षानुवर्षं ऐकतोय. मला ते मान्य नाही. शाब्दिक उदाहरणात मुलं गुणाकाराला क्वचित अडतात, अडतात ती ‘उर्वरित’ या शब्दाला. उर्दूत तोच शब्द ‘बाक़ी’ म्हणून त्यांच्या घरात रोज वापरला जातो. पण वर्गात आपण दोघांची गाठ घालून देत नाही. ‘पैकी दिसलं की गुणा’ एवढं सांगून मोकळे होतो. खरा प्रश्न एकच असतो: हा भाग कशाचा? सगळ्याचा की उरलेल्याचा?

एक उदाहरण घ्या. एका माणसाने मागे २७ लाख ठेवले. दफनाचा खर्च आणि कर्ज मिळून ३ लाख. वसीयत नाही, आईवडील हयात नाहीत. वारस म्हणजे पत्नी, तीन मुलगे, एक मुलगी. आधी देणी फेडायची, उरले २४ लाख. पत्नीचा आठवा हिस्सा या २४ चा, म्हणजे ३ लाख. २७ चा धरलात तर ३,३७,५०० येतात आणि पुढचं सगळंच बिघडतं. आता उरले २१. मुलग्याला दोन वाटे, मुलीला एक. एकूण ७ वाटे, वाटा ३ लाखांचा. मुलीला ३, प्रत्येक मुलग्याला ६. टक्क्यांत पत्नी १२.५, मुलगी १२.५, मुलगे २५-२५-२५. बेरीज १००.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग अशाच वाटण्यांचा आहे. हे गणित आपल्याला परकं नाही.

मग कच्चं कोण? आपण मोठी माणसं. सूरह निसात हिस्से अपूर्णांकात स्पष्ट दिलेत, तरी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ म्हणतात. लग्नाचा खर्च हे बापाने ठेवलेलं कर्ज नव्हे, तो वजाबाकीत येत नाही. ‘तिने खुशीने सोडलं’ म्हणतात. आधी ३ लाख तिच्या हातात ठेवा, मग खुशी विचारा. २००५ च्या दुरुस्तीनंतरही हिंदू घरांत बहिणी अशाच सह्या करतात, तेव्हा हा रोग एकट्या आपलाच नाही. पण त्याने आपला गुन्हा हलका होत नाही.

शिक्षकांनो, हे उदाहरण सातवीच्या फळ्यावर लिहा आणि मुलांना घरून सोडवून आणायला सांगा. मुलीचा रकाना किती घरांत रिकामा राहतो, ते तपासा.