सायीची घडी आणि अर्भकाचा श्वास

तापवून निवविलेल्या दुधावरील साय चमच्याच्या पाठीनें हलकेच एका बाजूस लोटून पाहावी. प्रथम ती सरकते, मग तिला सुरकुत्या पडतात आणि शेवटीं तिची घडी होते. अशाच एका घडीवर आपला श्वास अवलंबून आहे, असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल.

पाण्यावर पसरणारा स्निग्ध पापुद्रा अवघ्या एका रेणूइतका जाड असूं शकतो. रेणूचें एक टोक पाण्यास धरून राहतें, दुसरें पाण्यापासून दूर पळतें. म्हणून दाबल्यावर हे रेणू कणसांप्रमाणें दाटीनें उभे राहतात. जर्मनींत ब्राउनश्वाइग येथें आग्नेस पोकेल्स या विदुषीनें, विद्यापीठाचें दार स्त्रियांस बंद असतां, घरींच पत्र्याच्या उथळ पात्रांत असे पापुद्रे पट्टीनें दाबून पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, मोजली. तिचें पत्र १८९१ सालीं लॉर्ड रॅले यांनीं 'नेचर' पत्रांत छापविलें.

आपल्या फुप्फुसांत सुमारें ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांच्या आंतील ओलाव्याची ओढ त्यांना मिटवूं पाहते; परंतु त्या ओलाव्यावर असाच पापुद्रा असतो. उच्छ्वासाबरोबर कोश लहान होतो, रेणू दाटतात आणि ओढ जवळजवळ नाहींशी होते. त्याहून अधिक दाब आल्यास पापुद्र्याची घडी पडून ती खालच्या पाण्यांत उतरते. पुढील श्वासाबरोबर ती उलगडते. पापुद्रा मात्र वायां जात नाहीं.

अपुऱ्या दिवसांच्या कित्येक अर्भकांत हा पापुद्रा पुरेसा तयार झालेला नसतो, हें मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनीं १९५९ सालीं दाखविलें. १९८० सालीं जपानांत तेत्सुरो फुजिवारा यांनीं तशा दहा अर्भकांच्या श्वासनलिकेंत प्राण्याच्या फुप्फुसांतून काढलेलें द्रव्य सोडलें, आणि त्यांचा श्वास सुधारला.

"सातव्यांतलें जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं," असें आपल्या घरांतील वडील बायका म्हणत. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. गर्भांत मिळणाऱ्या प्रत्येक आठवड्यागणिक हा पापुद्रा अधिक सिद्ध होतो. माझी नात आठव्या महिन्यांत जन्मली, तेव्हां आमच्याही घरीं सर्वांचीं तोंडें उतरलीं होतीं. तें द्रव्य रुग्णालयांत तिला मिळालें. आज ती शाळेंत जाते. म्हणून आठवा महिना ऐकून कोणीं हताश होऊं नये. सुसज्ज रुग्णालय तत्काळ गांठावें.